ऑनलाइन पदवीच्या बातम्या नक्की कोणासाठी छापतात?

गोदाकाठ (चर्चाप्रस्ताव)

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की पेपरात, पोर्टलवर आणि यूट्यूबवर दोनच प्रकारच्या बातम्या सुरू होतात. एक, 'जेईई न देता घरबसल्या आयआयटीची पदवी'. दुसरी, 'ऑनलाइन डिग्रीला नोकरीच्या बाजारात किंमत आहे का?' आणि त्याखाली दोन-तीन एचआरवाल्यांची मतं. प्रवेश घ्यायला निघालेल्या मुलाला या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. अशा ढिसाळ बातम्यांचा भुर्दंड पडतो तो बाहेरून शिकणाऱ्या, फी स्वतः भरणाऱ्या माणसांना, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयआयटी मद्रासचाच अभ्यासक्रम घ्या. 2020 मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम जाहीर झाला तेव्हापासून मथळ्यात 'जेईई नाही' हेच ठळक असतं. पण आधी चार आठवडे अभ्यास, मग पात्रता परीक्षा, ती पास झालात तरच प्रवेश. पुढे दर आठवड्याला असाइनमेंट. क्विझ आणि सत्रपरीक्षा नेमून दिलेल्या केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर. यातलं 'घरबसल्या' किती उरलं? ज्याला हे आधी कळत नाही तो नोकरी सांभाळून नाव नोंदवतो आणि गणितात अडकून सोडून देतो. मग तोच चारचौघांत सांगतो की ऑनलाइनमध्ये राम नाही.

दुसरं, सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. आधार होता 2020 च्या नियमावलीतल्या 22 व्या नियमाचा. मथळे आले, 'आता ऑनलाइन पदवीही रेग्युलरइतकीच'. 'मान्यताप्राप्त' हा शब्द मथळ्यातून गळाला, आणि सगळी मेख तिथेच आहे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची यादी बघताना नुसतं विद्यापीठाचं नाव असून भागत नाही. तोच अभ्यासक्रम, तीच पद्धत आणि तेच वर्ष जुळावं लागतं. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर यांच्या पदव्या या मार्गाने देताच येत नाहीत. बातमीत एवढ्या चार ओळी घालायला किती जागा लागते?

भरतीविभाग

गोदाकाठ, सगळं खापर पेपरांवर फोडणं मला पटत नाही. मी पुण्यात एका कंपनीत भरतीचं काम बघतो. ऑनलाइन किंवा 'डिस्टन्स' म्हटल्यावर आमच्याकडे जे प्रश्न उभे राहतात ते बातम्या वाचून आलेले नाहीत, अनुभवाने आलेले आहेत.

चार अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 3 नोव्हेंबर 2017 ला. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्या टिकवायच्या तर एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, परीक्षा द्या म्हणून सांगितलं. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच. ज्या कंपन्यांनी त्या पदव्या बघून बढत्या दिल्या होत्या त्यांनी काय करायचं होतं? असं एकदा झालं की भरती करणारा दहा वर्षं जपून पावलं टाकतो. तो संशय वर्तमानपत्राने पेरलेला नाही.

आणि यूजीसीची ती बरोबरी म्हणजे पदवी वैध आहे, एवढंच. खासगी कंपनीला जाहिरातीत 'फुल टाइम रेग्युलर' लिहायला त्याने मनाई होत नाही. बातमीने हे सांगायला हवं होतं, इथवर मी तुमच्यासोबत आहे.

रविवारची_विद्यार्थिनी

मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. शाळा दहावीला सुटली होती, म्हणून आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला आणि मग बी.ए.ला बसले. संपर्कसत्र रविवारी असायचं. सकाळचा स्वयंपाक उरकून एसटीने तालुक्याला जायचं. वर्गात माझ्या एका बाजूला होमगार्ड, दुसऱ्या बाजूला दोन लेकरांची आई. विद्यापीठाच्या पुस्तकांत प्रत्येक घटकामागे स्वयंअध्ययनाचे प्रश्न असतात. रात्री धाकटा झोपला की मी ते वहीत सोडवायचे आणि मागच्या उत्तरांशी ताडून बघायचे. शिकवणारं घरात कोणी नव्हतं, त्या पुस्तकानेच शिकवलं.

1989 पासून हे विद्यापीठ नाशिकला चालू आहे. राम ताकवले सरांनी ते उभं केलं. लाखो लोक त्यातून शिकले. पण पेपरात बातमी कधी येते? निकाल लांबला की, नाहीतर एखाद्या केंद्रावर कॉपी सापडली की. माझ्या बाजूला बसणाऱ्या त्या ताई पुढे पदवीच्या जोरावर स्पर्धा परीक्षेला बसल्या, ही कोणाला बातमी वाटत नाही. तुम्ही 'ऑनलाइन पदवीची किंमत' म्हणून लेख लिहिता तेव्हा किंमत फक्त पुण्याच्या कंपनीतल्या साहेबांना विचारता. आम्हाला कोणी विचारत नाही.

भरतीविभाग दादा, राग मानू नका. पण तुमच्या अर्जात 'रेग्युलर / डिस्टन्स' असा रकाना असतो ना, तो भरताना पोटात गोळा येतो.

डेस्कवाला

शिक्षणाच्या पुरवणीवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. पेपरचं नाव सांगत नाही, कारण कमी-अधिक हेच चित्र मी इतरत्रही बघितलं.

प्रवेशाच्या हंगामातली पुरवणी ही बातमीदाराच्या हातातली गोष्ट नसते. पानं जाहिरात विभाग ठरवतो. ज्या विद्यापीठाची पूर्ण पान जाहिरात, त्याच्या कुलगुरूंची मुलाखत समोरच्या पानावर. वर बारीक टाइपात 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात पुरवणी'. तो शब्द वाचकाला दिसतच नाही, आणि दिसू नये अशाच बेताने तो लावलेला असतो. पोर्टलवर तर तोही शोधावा लागतो.

मात्र बातमीदार गप्प बसतात, हे मान्य नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई यांनी मिळून बजावलं होतं, की परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षणाच्या धंद्यातल्या, कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ना मान्यता नाही. आम्ही ते छापलं. 'दहा दिवसांत एमबीए' सारख्या नावांपासून सावध राहा, हाही यूजीसीचा इशारा छापला. पण एक कॉलम, आतल्या पानावर. त्याच कंपन्यांची रंगीत जाहिरात पहिल्या पानावर. वाचकाच्या लक्षात काय राहणार?

अटलांटाकर

हा रोग फक्त आपला नाही. मी अमेरिकेत शिकायला आलो तो याच गोंधळाच्या काळात. न्यूयॉर्क टाइम्सने 2012 हे 'मूकचं वर्ष' ठरवलं होतं. मूक (एमओओसी) म्हणजे कोणालाही खुले असलेले मोठे ऑनलाइन वर्ग. स्टॅनफर्डचे सेबॅस्टियन थ्रन यांच्या फुकट ऑनलाइन वर्गाला दीड लाखाच्या वर नोंदणी झाली होती आणि पन्नास वर्षांत जगात दहाच विद्यापीठं उरतील, असं त्यांचं भाकीत गाजत होतं.

पुढच्याच वर्षी त्यांच्या युडॅसिटी कंपनीचा सॅन होजे स्टेट विद्यापीठातला प्रयोग फसला. निम्म्याहून जास्त मुलं अंतिम परीक्षेत नापास. लगेच 'ऑनलाइन शिक्षणाचा फुगा फुटला' असा सूर लागला. उन्हाळ्याच्या सत्रात निकाल चांगला लागला, तर पुन्हा कौतुक. पण पहिल्या वेळी त्या वर्गांत शाळेतली आणि गणितात आधीच एकदा नापास झालेली मुलं होती, आणि उन्हाळ्यात अर्ध्याच्या आसपास पदवी हातात असलेले लोक. विद्यार्थी बदलले म्हणून निकाल बदलला, हे बातमी तळापर्यंत वाचणाऱ्यालाच कळलं.

त्याच सुमारास, जानेवारी 2014 मध्ये, जॉर्जिया टेकने संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स साधारण सात हजार डॉलरमध्ये सुरू केली. आज तिथे दहा हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत. प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' लिहिलेलं नसतं, कारण अभ्यास आणि परीक्षा त्याच दर्जाच्या आहेत असं विद्यापीठ स्वतः सांगतं. माझ्या ऑफिसात ही पदवी घेतलेले लोक आहेत, त्यांना कोणी 'कशी केली' म्हणून विचारत नाही. म्हणून मी भरतीविभाग यांच्या बाजूने आहे. विद्यापीठाने परीक्षा कडक ठेवली की किंमत येते, माध्यमं काही म्हणोत.

गोदाकाठ

अटलांटाकर, ज्या विद्यापीठाचं नाव आधीच मोठं आहे त्याला हे जमतं. नांदेड किंवा सिंधुदुर्गातल्या मुलीला कोणत्या विद्यापीठाची परीक्षा कडक आहे हे कळणार कुठून? बातमीतूनच ना? नोंदणी किती, शेवटच्या वर्षापर्यंत पोचले किती, परीक्षा केंद्रावर की घरच्या कॅमेऱ्यासमोर, हे तीन प्रश्न बातमीदाराने कुलगुरूंना विचारावेत. 'आमच्याकडे इतक्या हजारांनी प्रवेश घेतला' हा आकडा आपण गेली कित्येक वर्षं यश म्हणून छापतो आहोत. प्रवेश हे यश नव्हे. डेस्कवाले साहेब, हे प्रश्न विचारायला जाहिरात विभागाची परवानगी लागते का?

डेस्कवाला

विचारायला लागत नाही. उत्तर छापायला कधी कधी लागते. पण मी विचारले आहेत. प्रवेशाचा आकडा फोनवर लगेच मिळतो. पदवी पूर्ण करणाऱ्यांचा मागितला की 'मेल करा' म्हणतात.

भरतीविभाग

रविवारच्या विद्यार्थिनी ताई, तो रकाना काढून टाकणं माझ्या हातात नाही. आमच्या ग्राहक कंपन्या तो मागतात. पण दरवेळी माझ्यासमोर तोच एक शब्द येतो, 'डिस्टन्स', आणि त्यात तुमची पदवी आणि दहा दिवसांची एमबीए एकाच खणात पडतात. ती वेगळी काढायला मला डीईबीची यादी उघडून विद्यापीठ, अभ्यासक्रम, वर्ष जुळवावं लागतं. शे-दीडशे अर्जांत ते कोणी करत नाही, हे खरं आहे.

रविवारची_विद्यार्थिनी

दादा, ते तुम्हीच करायला हवं. आम्ही तीन वर्षं रविवार घातले, तुम्हाला पाच मिनिटं घालायला काय हरकत आहे? मान्यतेचा कागद मी अर्जासोबतच जोडते, तरी मुलाखतीत पहिला प्रश्न 'बाहेरून का केलं' हाच असतो. अमेरिकेतल्या दादांना कोणी विचारत नाही, आम्हाला विचारतात.