मदत हवी आहे: धाकट्या भावाचा सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याची मानसिक अवस्था) पहिला झटका

भाऊ २० वर्षांचा आहे. चार महिन्यांपासून तो खोलीतच बसायचा, रात्रभर जागा असायचा, नंतर ‘माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय’ म्हणू लागला. आम्हाला वाटलं परीक्षेचा ताण असेल. आवाज ऐकू येतात हे त्याने स्वतःहून सांगितलं तेव्हा कुठे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ते चार महिने मला फार टोचतात, कारण उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं सावरणं सोपं जातं.

गोळी कमी डोसवर सुरू होऊन तीन आठवडे झाले. आवाज थोडे कमी आहेत, पण सतत झोप येते, वजन वाढतंय, म्हणून त्याला गोळी सोडायची आहे. मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांशी बोलून डोस किंवा औषध बदलता येतं, एवढंच मी सांगते.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारायचंय: त्याच्या संशयावर काय बोलावं? वाद घातला की तो चिडतो, हो म्हणणंही पटत नाही. सध्या ‘तुला भीती वाटतेय ना’ इतकंच म्हणते. औषधासोबत सीबीटी (विचार आणि वागण्याच्या पद्धतीवर बोलून काम करणारी थेरपी) किंवा कुटुंबासाठीच्या समुपदेशनाचा उपयोग झाला का? आणि कॉलेज पुन्हा कधी, कसं सुरू केलंत?