ईकोचा कॅम्पर करतोय, इन्सुलेशनला काय टाकू?

रानवाट_पुणे:
सेकंडहँड मारुती ईको व्हॅन घेतलीय, मागे बेड टाकतोय. मे महिन्यात ताडोबा आणि जुलैत कोकण, दोन्हीकडे गाडीतच झोपायचंय. सुतार म्हणतो थर्माकोल भरून वर प्लाय मारू, दुकानदार म्हणतो बबल फॉइल (बुडबुड्यांची चमकती शीट) पत्र्याला चिकटवा, विषय संपला. काल उन्हात छताला आतून हात लावला तर चटकाच बसला. बजेट १५ हजार.

डिकी_उघड:
बबल फॉइल थेट पत्र्याला चिकटवलं तर पैसे पाण्यात. त्याच्या चमकीसमोर हवेची फट असली तरच ती काम करते. थर्माकोल गोलाईत बसत नाही आणि खड्ड्यांत कुरकुर कुरकुर करून डोकं उठवतं. एसीच्या डक्टवर काळं नायट्राइल रबर असतं बघा, ते घ्या, छताला १९ मिमी, बाजूंना १३. पत्रा आधी थिनरने पुसा आणि गोंद उन्हात सुटणार नाही असाच मागा, नाहीतर मे महिन्यात सगळं अंगावर येईल. आणि वायरिंग आधी!! मी नंतर केलं, अर्धं परत सोलावं लागलं.

मालवणी_चाक:
माझी चूक सांगतो, मी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरलेली. दोन माणसं रात्रभर श्वास सोडणार, त्यात आमच्याकडची पावसाळी हवा, ती वाफ पत्र्याला लागली की पाणी होतं आणि ग्लासवूल ते धरून बसते. दुसऱ्या पावसाळ्यात प्लाय काढला तर मागे गंज आणि असला कुबट वास की बायको म्हणाली ह्यात मी झोपायची नाय. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती चुकूनही बुजवू नका. काचेला रेनगार्ड लावून बोटभर फट ठेवा, पाऊस असला तरी.

उन्हाळी_नागपूर:
दोघांचं बरोबर, पण ताडोब्याचं गणित वेगळं आहे भाऊ. इन्सुलेशन गाडी थंड करत नाही, फक्त तापायला उशीर लावतं, दिवसभर उन्हात राहिली तर संध्याकाळी आतली गरमी तेच धरून ठेवणार. त्यामुळे छताला पांढरा रंग, काचांना बाहेरून कव्हर (आतून लावलं तर काच तापून आत गरम करतेच) आणि रात्री १२ व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन. आणि सीट कायमच्या काढणार असाल तर आधी आरटीओत विचारा.

रानवाट_पुणे:
धन्यवाद मंडळी, थर्माकोल कॅन्सल. छताच्या पट्ट्यांवर, म्हणजे ते आडवे लोखंडी बार, त्यांच्यावरही रबर घ्यायचं का नुसतं मधल्या पत्र्याला?

डिकी_उघड:
बारवर पण, ६ मिमी चालेल. उघडा राहिला तर उष्णता तिथूनच येते, पावसाळ्यात पहिला थेंबही तिथेच.