मदत हवी आहे: क्लिंगॉनमध्ये 'थट्टा' आणि 'कोटी' कसं म्हणायचं?

मंडळी, क्लिंगॉन ('स्टार ट्रेक'मधल्या योद्ध्यांची कृत्रिम भाषा) शिकणारं इथे कुणी आहे का? हसत असाल तर हसा, शंका त्याबद्दलचीच आहे.

ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँडच्या १९८५ च्या शब्दकोशाच्या आधारे एक छोटा विनोदी संवाद लिहितोय. 'क़िड' म्हणजे विनोद, 'ख़ाग़' म्हणजे हसणे, 'मोन' म्हणजे स्मित करणे, इथवर जमलं. (ड आपल्याला आयता येतो, घशातला ख़ मात्र घासून घ्यावा लागतो.) 'गमतीदार'साठी वेगळं विशेषण नाही, कारण या भाषेत विशेषणांचं काम क्रियापदंच करतात: 'त्लाक़', म्हणजे 'गमतीदार असणे'. 'मोख़' प्रत्यय लावला की 'ख़ाग़मोख़', हसवणे. झकास!

अडलंय ते पुढे. आपल्याकडे थट्टा, टवाळी, कोटी, टोमणा यांच्या छटा किती वेगळ्या! क्लिंगॉनमध्ये त्या 'क़िड'वरच भागवायच्या की वेगळे शब्द आहेत? आणि 'अरे, गंमत केली' हे योद्ध्याच्या तोंडी शोभेल असं कसं म्हणाल? कर्म-क्रियापद-कर्ता या उलट्या क्रमात माझं वाक्य माफीनाम्यासारखं वाटतंय.

कोटीचा शब्द तर हवाच, कारण शब्दकोशच कोट्यांनी भरलेला आहे. माशाला 'घोति', हा इंग्रजी स्पेलिंगवरचा जुना विनोद ('enough'मधला gh, 'women'मधला o, 'nation'मधला ti, म्हणून ghoti म्हणजे 'फिश'). 'जोडी' या शब्दाला 'चांगएंग', ते सयामी जुळ्या चांग आणि एंग यांच्यावरून.

वापरातलं एखादं वाक्य दिलंत तर फार बरं, नुसता शब्द नको.