शब्दचर्चा: प्रिसिजनला 'अचूकता' म्हणायचं, तर ॲक्युरसीला काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

रसायनशास्त्राचे प्रयोग पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. ब्युरेट, पिपेट, फ्लास्क हे शब्द आहेत तसेच ठेवले, त्यात काही अडलं नाही. अडलं ते मोजमापाच्या प्रकरणात. ॲक्युरसी (माप खऱ्या मूल्याजवळ असणं) असो की प्रिसिजन (मापं एकमेकांजवळ असणं), हात आपसूक 'अचूकता' याच शब्दाकडे जातो आणि मग वाक्य असं होतं: 'तुमची मापं अचूक आहेत, पण अचूक नाहीत.'

हिंदी पाठ्यपुस्तकांत 'यथार्थता' आणि 'परिशुद्धता' अशी जोडी आहे. ती उचलायला माझी हरकत नव्हती. पण रसायनशास्त्रात 'शुद्ध' हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. 'हे माप परिशुद्ध आहे' असं वाचल्यावर मुलांना भेसळ नसलेलं मीठ आठवणार, एकमेकांजवळ आलेली चार रीडिंग नाही. तर रोजच्या मराठीतला एखादा शब्द सुचतो का?

प्रतिसाद १

काटेकोर. काटेकोरपणा. झालं काम. तराजूच्या काट्याची आठवणही शब्दात आयतीच आहे.

प्रतिसाद २

वरचा शब्द मलाही आधी सुचला होता, पण वाक्यात घालून पाहा. काटेकोर माणूस असतो, हिशेब असतो, नियमांचं पालन असतं. '१८.४० हे काटेकोर रीडिंग आहे' हे कानाला खटकतं, कारण काटेकोरपणा करणाऱ्यात असतो, आकड्यात नसतो. शिवाय काटेकोरपणे काम करूनही रीडिंग विखुरलेली येऊ शकतात. त्या बिचाऱ्याला 'तू काटेकोर नाहीस' म्हणणं अन्यायाचं होईल.

बाकीची भावंडंही तपासली. 'तंतोतंत' ला जुळायला समोर दुसरं काहीतरी लागतं: वर्णन तंतोतंत जुळतं, नक्कल तंतोतंत असते. 'बिनचूक' आकडेमोडीला किंवा पाठांतराला. 'नेमका' मध्ये नेम आहे, म्हणजे निशाणा, पण 'नेमकं काय झालं?' या वापरामुळे तो मुद्द्याकडे बोट दाखवणारा शब्द झाला आहे. 'काटेतोल' मला फार आवडतो, पण आता तो कोण वापरतं?

आणि 'अचूक'ची फोड तर उघडच आहे, अ-चूक. चुकला नाही तो. बाण अचूक लागतो, निदान अचूक ठरतं. म्हणजे खऱ्या जागी पोचणं हाच त्याचा अर्थ. तेव्हा 'अचूकता' ॲक्युरसीलाच द्या आणि प्रिसिजनसाठी शोध चालू ठेवा.

प्रश्नकर्ती

पटलं. शोधायला मदत म्हणून पुस्तिकेतलंच एक उदाहरण देते.

१० मिलिलिटरच्या पिपेटमधून पाणी सोडायचं आणि त्याचं वजन करायचं. पाण्याचं तापमान २७ अंश. चार वेळा केलं, वजनं आली ९.९५२, ९.९५५, ९.९५३ आणि ९.९५४ ग्रॅम. मुलगा म्हणतो, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, म्हणजे पिपेट ९.९५ मिलिलिटरच सोडतं. चांगल्या प्रतीच्या, म्हणजे अ वर्गाच्या १० मिलिलिटर पिपेटला ०.०२ मिलिलिटरच इकडेतिकडे चालतं, तेव्हा हे पिपेट बाद.

पण २७ अंशांना पाण्याची घनता मिलिलिटरला ०.९९६५ ग्रॅम असते. तेवढी दुरुस्ती केली की आकारमान ९.९८८ येतं. हवाही पाण्याला किंचित वर उचलते (वजनाला असलेल्या पोलादालाही, पण कमी), त्याचा साधारण ०.०१ मिलिलिटर जमेला धरला की ९.९९८. पिपेट बिचारं निर्दोष! चारही वजनं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभी होती, आणि चारांवरून काढलेला निष्कर्ष सारखाच चुकला. या गळ्यात गळ्याला शब्द हवाय.

प्रतिसाद ३

एकवाक्यता.

मी रोज टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून द्रावण सोडून ते किती लागलं हे मोजणं) करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून हे साक्षीदारांच्या भाषेत सुचलं. चार साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा आपण म्हणतो, त्यांच्या सांगण्यात एकवाक्यता आहे. ती खरी आहे असं आपण म्हणत नाही. चौघेही एकाच चुकीच्या खिडकीतून बघत असतील. तुमच्या मुलाची खिडकी होती 'एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर'.

गंमत म्हणजे प्रयोगशाळेतला चालू शब्दही हाच आहे. टायट्रेशनमध्ये 'कॉनकॉर्डंट रीडिंग' येईपर्यंत थांबू नका असं सांगतात. एकमेकांपासून ०.१ मिलिलिटरच्या आत असलेली रीडिंग, असा त्याचा सर्रास चालणारा अर्थ. कॉनकॉर्डंट म्हणजे सूर जुळलेले, एकमताचे.

आणि या शब्दाने आणखी एक गोष्ट सांगता येते, जी 'परिशुद्धता' म्हणून कधीच सांगता आली नसती. पढवलेले साक्षीदार! पहिलं रीडिंग १८.४ आलं की दुसऱ्या खेपेला १८.२ पासूनच हात आखडतो, थेंब थेंब सोडला जातो, आणि गुलाबी रंग १८.४ लाच 'दिसतो'. अशी एकवाक्यता मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. थोडी केलीही आहे, नाही म्हणत नाही. म्हणून दुसऱ्यांदा ब्युरेट शून्यापासून भरू नये, दोन-तीन मिलिलिटर खालून सुरू करावं आणि वजाबाकी शेवटी करावी. डोळ्याला कुठे थांबायचं ते आधी कळत नाही.

प्रतिसाद ४

एकवाक्यता छान आहे, पण त्यात सगळं बसत नाही. 'हा काटा जास्त प्रिसाइज आहे' असं आपण एकाच वजनाबद्दलही म्हणतो. तिथे साक्षीदार एकच! तिथला अर्थ वेगळा: काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो की ०.०००१ पर्यंत. त्याला लघुतम माप म्हणतात हे ठाऊक आहे, पण गुण म्हणून बोलताना मी 'बारकावा' म्हणेन. या काट्याचा बारकावा जास्त. घोटाळ्याचं मूळ मला इथेच वाटतं. इंग्रजीत एकाच शब्दावर दोन ओझी आहेत, मराठीत ती दोन शब्दांवर टाकायला कुणाची हरकत आहे?

बारकावा असून एकवाक्यता नसणं तर रोजचंच. चार दशांश स्थळांच्या काट्याजवळ पंखा चालू ठेवा, किंवा गरम मूस तशीच काट्यावर ठेवा. शेवटचे आकडे नाचत राहतात.

प्रतिसाद ५

एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. एकवाक्यतेला 'नुसतीच एकवाक्यता' म्हणून हिणवू नका.

भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरे, आणि रासायनिक संयुगांपासून बनवलेला १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दोन्ही गटांतली वजनं जर टक्काभर विखुरलेली असती, तर हा फरक त्या पसाऱ्यात बुडाला असता. पण प्रत्येक गट आपल्याआपल्यात इतका एकवाक्य होता की दोन गटांतलं भांडण लपेना. त्यातूनच १८९४ मध्ये रॅले आणि रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांच्या हाती हवेतल्या नायट्रोजनमध्ये दडलेला, त्याहून जड आरगॉन वायू लागला. म्हणजे एकवाक्यतेने सत्य सांगितलं नाही, पण कुठे खोदायचं ते दाखवलं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

आता अनसर्टन्टीचं, म्हणजे मापाला जोडलेल्या अधिक-उण्याचं, काय करणार? 'अनिश्चितता' रूढ आहे आणि ती बदलू नये, पण ऐकणाऱ्याला ती 'आम्हाला नीट माहीत नाही' अशी कबुली वाटते. हायझेनबर्गच्या तत्त्वालाही तोच शब्द असल्यामुळे काही मुलांना ब्युरेटमध्ये पुंजभौतिकी दिसू लागते, ते वेगळंच.

त्यापेक्षा मुलांना दाखवा की त्यांची भाषा हे आधीपासून करते. 'दहाएक', 'पन्नासेक' मधला 'एक' काय आहे? आकड्याला चिकटलेलं अधिक-उणे! 'चार-पाच', 'वीस-पंचवीस' म्हणजे तर सरळ दोन टोकं देऊन सांगितलेली मर्यादा. आणि पाव, सव्वा, दीड, पाऊण यांनी बोलणाऱ्या भाषेचं लघुतम माप पाव आहे. 'सव्वापाचला येतो' म्हणणाऱ्याला ५ वाजून १५ मिनिटं ० सेकंद अभिप्रेत नसतात, आणि ऐकणाराही तसं धरत नाही. प्रयोगाच्या वहीत २५, २५.० आणि २५.०० हे तीन वेगळे आकडे का, ते इथून सांगता येईल. बोलताना तिन्ही 'पंचवीस'च होतात, म्हणून ते लिहिताना सांभाळायचे.

प्रतिसाद ६

'९९ टक्के अचूकता' असं पुस्तिकेत लिहू नका, एवढीच विनंती. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहात (तिसरी आवृत्ती, २००८) अचूकता ही राशी नाही, तिला संख्यात्मक मूल्य देत नाहीत, असं स्पष्ट आहे. एक माप दुसऱ्यापेक्षा जास्त अचूक म्हणता येतं, पण आकडा लावायचा तो अनिश्चिततेला. खरं मूल्य हातात नसताना त्यापासूनचं अंतर कोण मोजणार? ॲक्युरसी-प्रिसिजन समजावणारी निशाण्याची ती नेहमीची चित्रं म्हणूनच फसवी आहेत. त्यांत मधला ठिपका आधीच काढलेला असतो. प्रयोगशाळेत फक्त भोकं दिसतात, ठिपका नाही.

आणखी एक. १९९४ च्या ५७२५ क्रमांकाच्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) मानकात ॲक्युरसीत दोन्ही गोष्टी येतात, सरासरी खऱ्या मूल्याजवळ असणं आणि रीडिंग एकमेकांजवळ असणं. त्यातल्या पहिल्याला तिथे 'ट्रूनेस' हा निराळा शब्द आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे सांगू नका, पण तळटीप हवीच असेल तर 'खरेपणा' चालेल.

प्रश्नकर्ती

तळटीप देणार नाही. पण टक्केवारी खोडली, तीन ठिकाणी होती. सध्याचा मसुदा असा: 'चारही वजनांत एकवाक्यता आहे, काट्याचा बारकावाही पुरेसा आहे, तरी उत्तर अचूक नाही, कारण पाण्याची घनता १ धरली.' मोठ्याने वाचून पाहिलं, अडखळायला झालं नाही.

फक्त एररला 'चूक' लिहायचं नाही हे ठरवूनही दोनदा लिहिलं गेलं. घनता विसरला ती चूक. दर खेपेला काटा थोडा हलतो ती चूक नव्हे, त्याला 'त्रुटी' केलं आहे. पण मग 'अचूक' मधल्या चुकीचं काय, असं उद्या कुणी विचारलं तर प्रतिसाद २ वाल्यांकडे पाठवीन.

प्रतिसाद २ (पुन्हा)

पाठवा. 'त्रुटी'चा मूळ अर्थ तुटणं, उणं पडणं असा आहे, त्यामुळे नेहमी जास्तच येणाऱ्या रीडिंगला तो कसा लावायचा, हे मात्र मला तुम्हाला विचारायचंच होतं.