मुलांसाठी गळाने मासे धरण्याचा पहिला दिवस: स्वयंसेवकांनी तयारी कशी करावी?

काठावरची (प्रश्न)

८ ते १२ वयाची २० मुलं, एक लहान तळं, सकाळचे दोन तास. कुणीही आजवर गळ टाकलेला नाही, बरीचशी पाण्याच्या जवळही फारशी गेलेली नाहीत. मासे किती लागले याला महत्त्व नाही. मुलांनी दोन तास उघड्यावर रमावं आणि पुन्हा यायचं म्हणावं, एवढाच हेतू. हाताशी ६ स्वयंसेवक आहेत, त्यांतले चौघे स्वतः गळ टाकणारे. परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं झाली आहेत. एवढी माणसं पुरतील का? रीळवाला रॉड द्यावा की साधी काठी? आणि पहिल्या वेळी हमखास बिघडतं काय?

तंगूस

रीळ पहिल्या दिवशी नकोच. रीळ आलं की फेकणं आलं, आणि फेकणं आलं की गळ झाडात, नाहीतर शेजारच्या टोपीत. मग स्वयंसेवक सकाळभर गुंते सोडवत बसतो आणि मूल त्याच्याकडे बघत उभं राहतं. अडीच ते तीन मीटरची साधी काठी घ्या, बांबूची किंवा फायबरची. शेंड्याला तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) पक्का बांधला की झालं.

तंगुसाची लांबी काठीइतकी, किंवा वीतभर कमी. हे मोजूनच करा. काठी उभी धरली की गळ अलगद मुलाच्या हाताशी आला पाहिजे. तंगूस लांब असला तर गळ डोक्यामागे झुलतो, मूल तो धरायला हवेत हात मारतं आणि नेमका तेव्हाच तो बोटात घुसतो.

तंगूस ०.२० मिमीच्या आसपास, गळ १० ते १२ नंबरचा. आकडा जितका मोठा तितका गळ लहान, खरेदीत इथे घोळ होतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून पूर्ण सपाट करा. खात्री करायची असेल तर गळ कापसातून ओढून बघा. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा दाबा.

वजनासाठी शिसं वापरू नका. मुलं ते मणी दातांनी दाबायला जातात, आणि तळाशी पडलेले मणी पाणपक्षी खडे समजून गिळतात व विषबाधेने मरतात. कथलाचे किंवा टंगस्टनचे मणी मिळतात.

फ्लोट, म्हणजे मासा चावला की बुडून खूण देणारा तरंगता तुकडा, पेन्सिलीसारखा बारीक हवा. चेंडूसारखा गोल फ्लोट दिसायला छान, पण बोटभर माशाला तो खाली ओढता येत नाही. अडथळा जाणवला की मासा आमिष सोडून देतो आणि आपण म्हणतो, आज चावतच नाहीत. गळापासून १५–२० सेंटिमीटरवर पहिला मणी लावा, मग एकेक वाढवत जा. फ्लोटचा फक्त सेंटिमीटरभर शेंडा पाण्यावर दिसला की थांबा. आता तो नुसता थरथरला तरी मुलाला दिसेल.

गाठ अशी: तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, टोक मूळ तंगुसाभोवती ५–६ वेळा पिळा. डोळ्याला लागून एक छोटा फासा उरतो, त्यातून टोक काढा. त्याने जो मोठा फासा झाला, त्यातून पुन्हा काढा. पाण्याने ओली करा आणि मगच हळूहळू आवळा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तंगूस तिथेच कमजोर पडतो.

२० मुलांना किमान ३० जोड (तंगूस, फ्लोट, मणी आणि गळ) आदल्या दिवशीच बांधून पुठ्ठ्यांवर गुंडाळून ठेवा. एका मिनिटात न सुटणारा गुंता सोडवायचा नाही. कापा, नवा जोड लावा, गुंता पिशवीत टाका.

पाणकोंबडी

सहा माणसं २० मुलांना एकाच वेळी पाण्याकाठी पुरणार नाहीत. नवख्या मुलांत दोन-तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. माणसं वाढत नसतील तर मुलांचे दोन गट करा. १० मुलं चौघांबरोबर काठावर, १० मुलं दोघांबरोबर पाण्यापासून दूर, आणि ४५ मिनिटांनी अदलाबदल. तसंही ८–९ वर्षांचं मूल फ्लोटकडे त्याहून जास्त वेळ बघत नाही. दूरच्या गटाला आमिष बनवणं, दोरीवर गाठ शिकणं (तंगुसावर नव्हे, जाड दोरीवर दिसते नीट) आणि गळाशिवाय काठी झुलवायचा सराव द्या. अदलाबदलीला शीरगणती करा, दोन वेगवेगळ्या माणसांनी.

गळ टाकणाऱ्या चौघांना आधीच स्पष्ट सांगा: त्या दिवशी स्वतःची काठी आणायची नाही. आणि मासा लागला की मुलाच्या हातातून काठी घ्यायची नाही. फ्लोट बुडाला की अनुभवी माणसाचा हात आपसूक पुढे जातो. मासा निसटू दे. मुलाने स्वतः घालवलेला मासा त्याला पुढच्या वेळी ओढून आणतो, तुम्ही काढून दिलेला नाही आणणार. म्हणून आमच्या नियमावलीत पहिली ओळ आहे, ‘हात मागे’. मुलाने मागितली तरच मदत, तीही शब्दांनी आधी.

जागा आदल्या दिवशी बघून या, शक्यतो त्याच वेळी, म्हणजे ऊन कुठून डोळ्यांत येतं ते कळतं. काठ टणक आणि सपाट, लगतचं पाणी उथळ. वर मान करून बघायला विसरू नका: विजेच्या तारा असतील तर ती जागा बाद, कारण कार्बनच्या काठीतून वीज वाहते आणि ओल्या बांबूवरही भरवसा ठेवता येत नाही. दोन मुलांत चार मीटर अंतर, जागेवर खुंट्या ठोकून नंबर लावा. मुलांच्या मागे तीन मीटरवर दोरी, तिच्या आत उगाच कुणी चालायचं नाही.

काठी डोक्यावरून फिरवायची नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तंगूस, तोही मण्यांच्या वर, गळ धरून कधीच नाही. शेंडा थोडा उचलला आणि चिमटी सोडली की झोपाळ्यासारखा गळ पुढे जातो.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाच्या मापाचं. बकल लावा आणि खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढा. हनुवटीपर्यंत सरकलं तर माप चुकलं. काठाच्या दोन्ही टोकांना १५ मीटरचा तरंगणारा दोर उघडा ठेवा, पिशवीत गाठ मारून नको. कुणी पडलं तर आधी काठी पुढे करा, नाहीतर दोर फेका. उडी मारणं शेवटचा पर्याय, आणि तो फक्त पोहता येणाऱ्याचा. गडगडाट ऐकू आला की काठ्या खाली, सगळे पक्क्या छपराखाली, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत काठावर नाही.

आणखी एक, सगळ्यांत आधी करायचं ते: स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासलेली असावी, आणि कुणीही मोठं माणूस एका मुलाबरोबर नजरेआड एकटं जाणार नाही. शौचालयापर्यंतही दोघं.

काठावरची

खूप उपयोगी, दोन गटांचं पक्कं केलं. दोन गोष्टी राहिल्या. काही मुलं गांडुळाला हात लावणार नाहीत, त्यांचं काय? आणि गळ बोटात घुसलाच तर?

शांत डोह

गांडुळाची सक्ती नको. मळलेलं पीठ चालतं, पण घट्ट हवं: दोन बोटांत दाबलं तर मऊ लागावं, बोटाला चिकटू नये. सैल असेल तर पाण्यात शिरताच सुटतं आणि मूल दहा मिनिटं रिकामा गळ सांभाळत बसतं. गोळी वाटाण्याएवढी, गळाचं टोक किंचित बाहेर. गांडूळ लावायचं तर अख्खं नाही, दोन सेंटिमीटरचा तुकडा. अख्ख्याची लोंबती शेपटी मासे कुरतडत राहतात, फ्लोट नाचतो आणि मासा लागत नाही.

उलटा काटा दाबलेला असेल तर वरवर घुसलेला गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे निघतो. साबणपाण्याने धुवा, पट्टी लावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल पालकांना सांगा. खोल गेला असेल, सांध्याजवळ असेल, तर तंगूस कापून गळ तसाच ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. डोळ्याजवळ असेल तर अजिबात हात लावायचा नाही, दाब न देता कागदी पेल्याने झाकून तडक रुग्णालयात. डोळ्यांसाठी सगळ्यांना साधे चष्मे दिले तर हा धोका बराच कमी होतो.

माशाला धरताना हात आधी पाण्यात बुडवून ओले करा. कोरडा हात किंवा फडकं लागलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि त्या थरानेच जंतूंपासून त्याचं रक्षण होतं. मुलांना एक सोपं माप द्या: मासा बाहेर आहे तोवर आपणही श्वास रोखायचा. गुदमरायला लागलं की सोडायचा. गळ घशात गेला असेल तर उपटू नका, तोंडाजवळ तंगूस कापा. मिशाळ मासा लागला तर मुलांना हात लावू देऊ नका, त्याच्या पंखांतले काटे खोल बोचतात. आणि सोडायचा की नाही हे त्या पाण्याचा नियम बघून ठरवा, बाहेरून घुसलेल्या काही जातींना परत सोडायला मनाई असते.

बुडबुडा

रिळाबाबत तंगूस यांच्याशी थोडा मतभेद. ११–१२ वर्षांच्या दोन-तीन मुलांना बटण दाबून तंगूस सुटणारं, झाकलेलं रीळ चालतं, पण साध्या काठीवर हात बसल्यावरच, आणि गळाऐवजी रबरी वजन लावून मोकळ्या जागी सराव करून.

मासे चावत नसतील तर आधी खोली तपासा. बहुतेकदा आमिष माशांच्या डोक्यावरून लोंबत असतं. गळात चिखलाचा गोळा अडकवून सोडा, फ्लोट बुडतो की आडवा पडतो त्यावरून तळ कळतो, मग आमिष तळापासून थोडंसंच वर येईल असा फ्लोट सरकवा. मुलं येण्याआधी पंधरा मिनिटं प्रत्येक खुंटीसमोर लिंबाएवढा पिठाचा गोळा टाका आणि पुढे दर दहा मिनिटांनी सुपारीएवढा. जास्त टाकलं तर मासे त्यावरच पोट भरतात.

तरीही काही लागलं नाही तर पांढऱ्या ट्रेमध्ये काठालगतचं पाणी घेऊन बसा. भिंग आणि जुना चमचा पुरे. पांढऱ्या तळावर चतुराच्या अळ्या, गोगलगायी, पाणकिडे स्पष्ट दिसतात. मासे काय खातात ते मुलांनी एकदा तिथे पाहिलं की आमिष निवडण्याचा प्रश्न ती स्वतःच विचारतात.

निघताना गळ मोजा. ३० दिले तर ३० परत, बुचावर टोचलेले. एक कमी भरला तर काठीच्या टोकाला जाड चुंबक बांधून गवतावरून फिरवा, पोलादी गळ चिकटतो. उरलेली गांडुळं तिथे सोडू नका, परत न्या. काठ्या, बादल्या, बुटांचे तळवे धुऊन पूर्ण वाळवा, ओल्या सामानातून एका पाण्यातलं शेवाळ आणि रोग दुसऱ्या पाण्यात जातात.