विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत करंट उतरतो. अर्थिंग असूनही असे का होते?

माळावरची विहीर:
नमस्कार. सातारा जिल्ह्यात आमच्या विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक मोटर आहे. मेन स्विच, स्टार्टर, कपॅसिटर आणि ऑटो (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारे यंत्र) हे सर्व एकाच पत्र्याच्या पेटीत असून ती पेटी विहिरीच्या कडेला लोखंडी अँगलवर बसवलेली आहे. जूनचा पहिला पाऊस झाल्यापासून पेटीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. वडील (वय ६६) कित्येक वर्षे स्टार्टरचे हिरवे बटण बाभळीच्या वाळक्या काठीने दाबत आले आहेत, त्यामुळे त्यांना यात विशेष काही वाटत नव्हते. मात्र मागच्या आठवड्यात रात्रपाळीची लाईट आल्यावर ते ओल्या पायांनी पेटीजवळ गेले, दाराची कडी हाताला लागली आणि हात दंडापर्यंत झटकला गेला. थोडा वेळ बांधावर बसून ते पुन्हा पाणी धरायला गेले. मला हे दोन दिवसांनी आईकडून समजले.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोटर चालू असेपर्यंत म्हैस हौदाला तोंड लावत नाही, मोटर बंद झाली की निवांत पाणी पिते. विहिरीपासून हौदापर्यंतचा पाइप लोखंडी आहे.

गावातील वायरमनने पाहणी करून सांगितले की, अर्थिंगची तार पहारीला बांधलेली आहे आणि फ्युजही उडत नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही. ती पहार जमिनीत फार तर दोन फूट असेल. अर्थिंग असताना पेटीत करंट उतरतोच कसा, आणि वडिलांसाठी हे काम सुरक्षित करायचे तर नेमके काय बसवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त वीजतंत्री:
सर्वप्रथम एक विनंती. हा दोष सापडेपर्यंत मोटर बंद ठेवा. पीक दोन दिवस तहानलेले राहिले तरी चालेल. आणि म्हशीचे वागणे कृपया हलक्यात घेऊ नका. ओल्या जमिनीवर चार पायांनी उभे असलेले जनावर हौदाच्या पाण्याला तोंड लावते, तेव्हा माणसाला जाणवणारही नाही इतका कमी दाब (व्होल्टेज) त्याला जाणवतो. तुमच्या मोटारीच्या बॉडीतून पाइपमार्गे हौदापर्यंत करंट पोहोचतो आहे, हे ती म्हैस तुम्हाला रोज सांगत आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. ‘अर्थिंग आहे म्हणजे फ्युज उडेल आणि फ्युज उडत नाही म्हणजे दोष नाही’ हा समज मी नोकरीच्या काळात शेकडो विहिरींवर ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. साधा हिशेब करून पाहू. मुरमाड जमिनीत दोन फूट ठोकलेल्या पहारीचा रोध १०० ओहम धरू आणि डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) न्यूट्रल अर्थिंगचा ५ ओहम. उद्या एखादी फेज पूर्णपणे बॉडीला चिकटली, तर २३० व्होल्ट भागिले १०५ म्हणजे साधारण २.२ अँपिअर करंट जमिनीत जाईल. ५ एचपीची मोटर पूर्ण भारावर सात ते साडेसात अँपिअर घेते, त्यामुळे फ्युज त्याहून मोठाच असतो आणि या २.२ अँपिअरची तो दादही घेणार नाही. तोपर्यंत तुमच्या पेटीवर सुमारे २१९ व्होल्ट उभे असतील. पहारीऐवजी १० ओहमचे उत्तम अर्थिंग केले तरी करंट १५ अँपिअरच्या आसपास जाईल आणि फ्युज उडेपर्यंत पेटीवर दीडशे व्होल्ट राहतील. त्यात फ्युजमध्ये तांब्याच्या दोन-दोन तारा पिळून घातलेल्या असतील, तर तो उडणारच नाही.

आज झिणझिण्याच येतात, कारण वाईंडिंगचे किंवा केबलचे इन्सुलेशन ओलसर झाले असून त्यातून थोडा करंट झिरपत असावा. ओल वाढली किंवा इन्सुलेशन फाटले की वरचा हिशेब खरा होईल. माणसाच्या शरीरातून सुमारे १० मिलीअँपिअर गेले की स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या काही पट करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडते. फ्युज ज्या अँपिअरमध्ये मोजतो, त्याच्या हजाराव्या भागात माणूस जातो. म्हणूनच फ्युज हा तारेच्या आणि मोटारीच्या रक्षणासाठी आहे, माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलीअँपिअरचा चार पोलचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाईट तोडणारा स्विच, लागतो. गळती तेवढी झाली की तो ०.३ सेकंदाच्या आत तोडतो आणि गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. त्याच १०० ओहमच्या अर्थिंगवर ३० मिलीअँपिअर म्हणजे पेटीवर अवघे ३ व्होल्ट.

याचा अर्थ अर्थिंग नको असा मुळीच नाही. गळतीला वाट मिळाली तरच आरसीसीबी माणसाचा हात लागण्याआधी लाईट तोडू शकेल. अडीच मीटर लांबीचा ४० मिलिमीटरचा जीआय पाइप ओलसर जागी उभा पुरून, भोवती कोळसा आणि मीठ भरून, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग असावेत असे सुरक्षेचा नियमच सांगतो. पेटीलाही जोड द्या, आणि रंगावर तार गुंडाळू नका. पत्रा घासून नट-बोल्टने आवळा.

पेटी उघडण्याबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण अपघात बहुधा तिथेच होतात. आधी ऑटो बंद करा. ऑटो चालू राहिला आणि दुरुस्ती सुरू असताना लाईट आली, तर मोटर आपोआप चालू होते. त्यानंतर मेन स्विच पाडून तिन्ही फ्युज काढा आणि ते स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे दुसरे कोणी येऊन लावणार नाही. एकच फ्युज काढून ती बाजू मेली असे कधीही समजू नका. उरलेल्या फेजचा करंट मोटारीच्या वाईंडिंगमधून फिरून त्याच टर्मिनलवर परत येतो. मी ज्याच्या हाताखाली काम शिकलो, त्या मिस्त्रीचे डाव्या हाताचे दोन बोट असेच जळाले होते. टेस्टर आधी चालू फेजवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मग बंद केलेली तिन्ही टर्मिनल तपासा आणि शेवटी पुन्हा चालू फेजवर लावून पाहा. बिघडलेला टेस्टर सगळीकडेच ‘लाईट नाही’ असे दाखवतो. कपॅसिटरमध्ये लाईट गेल्यावरही दाब शिल्लक राहतो. पाच मिनिटे थांबा आणि तरीही तो रिकामा करण्याचे काम वायरमनलाच दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून करू द्या.

रिवाइंडिंगवाला:
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, दोन गोष्टींची भर घालतो. चार पोलच्या आरसीसीबीचे टेस्ट बटण बहुधा न्यूट्रलच्या आधारे चालते आणि शेतात अनेकदा तीनच तारा असतात. अशा वेळी बटण दाबून काहीच घडत नाही आणि लोक उपकरण खराब समजतात. जोडणी त्यावर छापलेल्या आकृतीप्रमाणेच करावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आरसीसीबी बसवल्यावर तो वारंवार पडू लागला की ‘पाणी अडते’ म्हणून त्याला बायपास करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. तो पडतो याचाच अर्थ गळती आहे. आधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) मोटर आणि केबल वेगवेगळ्या तपासून घ्या. वाचन १ मेगाओहमच्या खाली आले तर ती वस्तू दुरुस्तीला काढावी. माझ्या अनुभवाने पावसाळ्यात दोष मोटारीपेक्षा जमिनीत गाडलेल्या केबलच्या टेप मारलेल्या जोडात जास्त वेळा सापडतो.

ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका:
वडिलांचा ईसीजी काढून घेतला का? हात झटकल्यानंतर त्यांना छातीत धडधड, चक्कर किंवा हाताला बधिरपणा जाणवला असेल, तर आठवडा झाला असला तरी डॉक्टरांना अवश्य दाखवा.

घरातील सर्वांना एवढे मात्र शिकवून ठेवा. कोणी चिकटलेले दिसले तर आधी मेन स्विच पाडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे, पण तार खांबावरून तुटून पडलेली असेल तर जवळही जाऊ नये आणि १९१२ वर कळवावे. माणूस सुटला, पण हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. शॉक लागलेल्याला मातीत पुरले की करंट ‘उतरतो’ असे काही ठिकाणी अजूनही मानतात. शरीरात करंट साठून राहत नाही. त्या पुरण्यात जी मिनिटे जातात, त्यांतच तो माणूस हातचा जातो.

माळावरची विहीर:
सर्वांचे मनापासून आभार. ईसीजी व्यवस्थित आला. मोटर बंद ठेवून मेगर लावला, तेव्हा मोटारीचे वाचन चांगले आले, पण केबलची एक फेज बॉडीशी ०.२ मेगाओहम दाखवत होती. पेटीपासून सहा फुटांवर, जमिनीत वीतभर खोल, टेप मारलेला एक जुना जोड निघाला. टेप हाताने सोलली तर आतून पाणी टपकले आणि तांब्याची तार हिरवी पडलेली दिसली. संपूर्ण केबल एकसंध नवीन टाकली, फ्युजमध्ये योग्य मापाची तार घातली, दोन पाइपचे अर्थिंग केले आणि आरसीसीबी आकृतीप्रमाणे जोडला. काल मोटर चालू असताना म्हैस हौदावर पाणी प्यायली.

वडील अजून काठीनेच बटण दाबतात, त्याला मी हरकत घेतलेली नाही. टेस्ट बटण दाबल्याची तारीख मात्र ते दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवू लागले आहेत.