वाहतं पाणी आणि गोदावरी

नाशिकच्या गोदावरीच्या प्रदूषणावर तुम्ही म्हटलंय की ती डोंगरातून येते, वाहती आहे, त्यामुळे घाण आपोआप धुऊन निघते; आणि पात्रात काँक्रीट नको. अहो, पण ती वाहते कधी? ती उगम पावते त्या ब्रह्मगिरी डोंगराचा बेसाल्ट (काळा खडक) पाणी धरतो तो फटींमध्ये आणि झिजलेल्या थरात, तोही मर्यादितच. पाऊस चार महिने. पुढे नाशिककडे येईपर्यंत घाटमाथ्याच्या मानाने पाऊस झपाट्याने कमी होतो. शिवाय वाटेत गंगापूर धरण. म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यात शहरातल्या पात्रात डोंगराचं पाणी जवळजवळ नसतंच. असतं ते आवर्तनाचं (धरणातून ठरावीक वेळी सोडलेलं), नाहीतर नाल्यांचं.

एप्रिलमध्ये धरणाखाली सोमेश्वरच्या धबधब्याला नुसता काळा खडक आणि खळग्यांतली हिरवी डबकी बघा. मग शहरातून येणारी नासर्डी नदी गोदेला मिळते तिथे जा: करडं पाणी, वर साबणाचा फेस. आंघोळीच्या पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा निकष आहे. सांडपाणी पातळ करायला मूळ प्रवाहच नसेल तर तो पाळायचा कसा? (फक्त निर्माल्यावर खापर फोडणं सोपं, म्हणून ते चालतं.)

पात्रातल्या काँक्रीटबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. झऱ्यांची तोंडं बुजवायची आणि वर कुंडात टँकर ओतायचे, हा खास आपला हिशेब.

शहराच्या खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी पाणी संथ होतं, शहराचं नत्र-स्फुरद साचतं आणि जलपर्णी माजते. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते! त्यामुळे पाण्याच्या तपासणीचे आकडे टाकताना महिना आणि धरणाचा विसर्गही लिहा. ऑगस्टच्या नमुन्यावरून मे महिन्याचं काहीच कळत नाही.